सहा फाइली आणि एक दर

मृण्मयीने टोचून काही म्हटलं नव्हतं. नुसतं विचारलं, "सर, हा दर सहा फाइलींत सहा वेळा का लिहिलाय?" मी "जुनं आहे गं ते" म्हणून चहाला उठलो. आता रात्रीचे साडेअकरा झालेत आणि मी अजून तिला मनातल्या मनात उत्तरं देतोय.

जुनं आहे, पण कोणाचं? माझंच. बिलांसाठी पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर 'यूज कॉन्स्टंट' (न बदलणाऱ्या आकड्याला नाव देणारी ओळ), पुढे सेवाकराचा दर, आणि शेजारी माझीच टीप: 'तात्पुरतं'. लिहिलं तेव्हा दर १२.३६ टक्के होता. जून २०१५ मध्ये १४ झाला, नोव्हेंबरात स्वच्छ भारत उपकर धरून १४.५, पुढच्या जूनमध्ये कृषी कल्याण उपकर लागून १५. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी, १८. चारदा बदलला, आणि चारही वेळा मी ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) मारून एकेक फाइल उघडत बसलो. अर्ध्या तासात एक सामायिक फाइल झाली असती. चारदा!

आईने गॅसचा नंबर कालनिर्णयवर, कपाटाच्या दारावर आणि वहीत, असा तीन ठिकाणी लिहिला होता. मी तिला हसायचो. नंबर बदलला तेव्हा दारावरचा तसाच राहिला. अजून आहे. असो.

संध्याकाळी बसलोच सुधारायला. पर्लमध्ये कॉन्स्टंट म्हणजे मुळात आर्ग्युमेंट (बाहेरून दिलेली किंमत) न घेणारं फंक्शन, आणि ते आपल्या पॅकेजापुरतंच, म्हणजे कोडच्या आपल्या कप्प्यापुरतंच. दुसऱ्या फाइलीला हवं तर एक्सपोर्टर, म्हणजे नावं बाहेर देणारं मॉड्यूल, लावायचा. हे मला झोपेतही येतं. भरात येऊन बिलांच्या स्थितीचे कॉन्स्टंटही नव्या फाइलीत हलवले. चालवलं तर फाइल लोडच होईना: तळाशी 'सगळं ठीक' सांगणारं '१;' लिहायचं राहिलं होतं. ते घातलं, तर स्थितीचा रकाना कोरा. एरर नाही, काही नाही. हॅशच्या (नावावरून किंमत शोधायच्या यादीच्या) महिरपी कंसात कॉन्स्टंटचं नाव नुसतं टाकलं की पर्ल त्याला साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, समजतं. मागे रिकामे गोल कंस लावावे लागतात. ते मृण्मयीने लावले. "होतं सर असं," म्हणाली. वीस वर्षं पर्ल लिहिणाऱ्याला!

तर सहावी फाइल. तिच्यात अजून १४.५ होतं. म्हणजे दोनदा निसटली, असं वाटून जेवणही गेलं नाही नीट. मग मघाशी उघडून पाहिली, तर रिपोर्ट १५ नोव्हेंबर २०१५ ते मे २०१६ च्या बिलांचा. तिथे १४.५ च बरोबर! सगळ्यांना एकच कॉन्स्टंट दिला असता तर जुन्या बिलांवर १८ टक्के छापून आले असते. दोन वर्षांत चारदा बदलणाऱ्या आकड्याला मी कॉन्स्टंट म्हणत होतो, हेच मुळात थोर. आता त्या सामायिक फाइलीत दर तारखांसकट लिहावे लागणार.

सहावी फाइल मी समजून सोडली होती की विसरलो होतो, ते काही केल्या आठवत नाही. उद्या मृण्मयीने विचारलं तर समजून सोडली असं सांगावं का? टीप तिथेही तीच आहे, 'तात्पुरतं'.