पाटणादेवीची वानरं: उडी नको, चाल बघा

चाळीसगावहून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. लोक येतात ते चंडिकादेवीच्या दर्शनाला, नाहीतर धवलतीर्थ आणि पितळखोऱ्याच्या बेताने. आम्ही आलो वानरांची चाल मोजायला. उडीकडे सगळेच माना वर करून बघतात, पण वानराचं वेगळेपण कळतं ते सावकाश, जमिनीवरून चालताना.

त्याआधी वाटेतला एखादा बैल नीट बघून घ्यावा. त्याचा डावा मागचा पाय टेकला की पाठोपाठ डावाच पुढचा टेकतो, मग उजवा मागचा, उजवा पुढचा. वानराच्या डाव्या मागच्या पायानंतर मात्र उजवा हात टेकतो. मिल्टन हिल्डब्रँड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हा फरक आकड्यांत मांडला, आणि ते आकडे आता साध्या मोबाइलवर निघतात.

मोबाइल तिकाटण्यावर, वानराच्या गुडघ्याच्या उंचीला, वाटेला काटकोनात, १०-१२ मीटरवर ठेवायचा. वेग सेकंदाला १२० फ्रेम. कॅमेरा फिरवायचा नाही. एकाच पायाच्या दोन टेकण्यांमधलं अंतर म्हणजे एक ढांग. अशा निदान दोन पूर्ण ढांगा चौकटीत हव्यात. घरी फ्रेम मोजायच्या. समजा डावा मागचा पाय ४०व्या फ्रेमला टेकला, १२४व्याला उचलला आणि १६०व्याला पुन्हा टेकला. ढांग १२० फ्रेमची, पाय जमिनीवर ८४, म्हणजे ७० टक्के. ५० टक्क्यांच्या वर असेल तर ते चालणं. डावा हात ११८व्याला टेकला असेल तर तो ७८ फ्रेम मागे, म्हणजे ६५ टक्के. हा दुसरा आकडा महत्त्वाचा. बैलाचा २५च्या आसपास येतो, वानराचा ५०च्या वर. (भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचं गणित शिकवायला मठ काढला त्याचा १२०७चा शिलालेख इथलाच. इथे भागाकाराचा कंटाळा करू नये.)

गणित चुकत नाही, चित्रण चुकतं. झाडाखाली उजेड कमी पडला की काही मोबाइल फ्रेमचा वेग आपोआप खाली आणतात आणि सगळे आकडे फसतात, म्हणून उन्हातली वाट निवडावी. गवतात पाय टेकल्याची फ्रेम दिसत नाही. उघडी माती किंवा खडक बरा. वानर वळत असेल, वेग वाढवत असेल किंवा उधळलं असेल तर ती ढांग सोडून द्यायची. उधळण्यात पायांचा क्रमच वेगळा असतो, तिथे हे सूत्र लागू नाही. चणे-केळी दाखवून तर बोलवूच नये. ते धावत येतं, अंगावरही येतं आणि मोजण्याजोगी चाल उरत नाही. ढांगेची लांबी मोजायची तर एक मीटरची काठी कळप निघून गेल्यावर त्याच पावलांच्या रेषेत उभी करून टिपावी, तिकाटणं न हलवता. काठी हातभर पुढेमागे झाली तरी माप बिघडतं.

असं का चालावं? कार्टमिल, लमेलाँ आणि श्मिट या संशोधकांनी २००२ मध्ये मांडलेलं उत्तर फांदीवरचं आहे. पुढचा हात नव्या, न पारखलेल्या फांदीवर पडतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा मागचा पाय अंगाखाली भक्कम टेकलेला असतो. फांदी मोडली तरी तोल मागे राहतो. शिवाय बहुतेक जनावरांचं जास्त वजन पुढच्या पायांवर असतं, माकडवर्गात ते मागच्यांवर झुकतं. फांदीचं कारण सगळ्यांना पटलेलं नाही, वाद चालूच आहे. पण पाटणादेवीच्या सपाट वाटेवरून चालणारं वानरही फांदीवर असल्यासारखंच पाय टाकतं, हे चित्रणात स्वच्छ दिसतं.

शेपटीही टिपून ठेवा. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी दाखवलं होतं की उत्तरेकडची वानरं चालताना शेपटी पाठीवरून पुढे वळवतात, दक्षिणेकडची मागे. तेव्हा वहीत नुसतं ‘शेपटी वर’ लिहून उपयोग नाही. टोक डोक्याकडे होतं की मागे, ते लिहायचं.