ॲ दिसतो ना नीट, मग एवढा हट्ट कशाला?

मराठी मजकुराची टंकसफाई हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न ठरलेला. ‘पडद्यावर ॲ दिसतो, छापून येतो, मग तो अमुकच पद्धतीने काढा असा आग्रह का?’ एरवी मी दोन वाक्यांत आटोपतं घेते. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

ही दोन अक्षरं बघा: ॲ आणि अ‍ॅ. दुसऱ्याच्या पुढे कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा. बहुतेक ठिकाणी नुसता चंद्र जातो, अ मागे उरतो. पहिलं अक्षर मात्र अख्खं पुसलं जातं. पहिलं एकसंध आहे, युनिकोडमधला, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकातला, त्याचा क्रमांक ०९७२. दुसरं तीन तुकड्यांचं: अ, मग न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, मग चंद्र. अ ला थेट चंद्र लावला की जुन्या विंडोजवर टिंबांचं वर्तुळ उमटायचं, म्हणून लोकांनी मध्ये जोडक घातला. हौसेनं नाही. २००८ साली युनिकोड ५.१ येईपर्यंत ॲ ला स्वतःचा क्रमांकच नव्हता. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ऍ होता, पण मराठी माणूस तसा लिहीत नाही.

याचा मला राग येतो. श्रीलंकेच्या सिंहलीत हाच स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ, दोन्ही आहे. १९९९ साली युनिकोड ३.० मध्ये सिंहली लिपी आली ती या दोन्ही स्वरांची अक्षरं आणि चिन्हं घेऊनच. तो तक्ता त्यांचा होता. आपला हिंदीबरोबर सामाईक, आणि हिंदीचं ॲ वाचून अडत नव्हतं.

वसईच्या एका ओळखीच्या बाईंच्या मुलीचं नाव ॲ ने सुरू होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला तर ‘नाव जुळत नाही’. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला, दोन्ही छापील प्रती घेऊन आई कार्यालयात गेली. तिथल्या माणसाने कागद शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. नाव तेच. तो तरी काय करणार? म्हणाला, ‘सिस्टिम घेत नाही. प्रतिज्ञापत्र करून आणा.’ ते मी पाहिलं आहे. मुलीचं नाव, पुढे ‘उर्फ’, आणि पुढे पुन्हा तेच नाव. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं त्या आईने सहीनिशी लिहून दिलं. या खटाटोपात अर्जाची मुदत टळली. माझ्याकडे आल्या तेव्हा मी दोन्ही फायलींतली नावं उतरवून क्रमांक काढून दाखवले: त्याच ॲ साठी एकीकडे एक क्रमांक, दुसरीकडे तीन. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे पोरीचं नावच आम्ही चुकीचं ठेवलं का गं?’

आता ‘दिसतो ना नीट’ असं कुणी म्हणालं की माझा आवाज चढतो, तो यामुळे.

पूर्वी मी याच्या उलट बाजूने भांडायचे. सावरकरांच्या लिपीत अि, अी, अु अशी अ ची बाराखडी होती. आ, ओ, औ तर आपण आजही अ वरच उभे करतो. मग अ ला चंद्र लावला तर वेगळा क्रमांक कशासाठी? हा युक्तिवाद मला आजही लंगडा वाटत नाही. पण फ्रेंचमधलं टोपीवालं अक्षर सुटं टंकलं काय, जोडलेलं टंकलं काय, युनिकोडच्या नियमाने दोन्ही एकच धरली जातात. ॲ ला ती सोय दिलेली नाही. अ आणि चंद्र जोडू नका, एवढंच मानक सांगतं. आधीच जोडून ठेवलेल्याचं काय, हे सांगत नाही.

२००९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले. चांगलंच झालं. पण तोवरचा आणि त्यानंतरचाही कितीतरी मजकूर तुकड्यांचाच आहे. शोधताना दोन्ही रूपं एक धरा, हे मी भेटेल त्या प्रोग्रामरला सांगते. जुने दाखले मात्र परस्पर बदलावेत का? बदलले तर ज्यांच्या बाकीच्या कागदांवर तीन तुकड्यांचंच नाव आहे, त्यांचं जुळणारं नाव उद्या जुळेनासं होईल. न बदलले तर ‘उर्फ’ लिहिणं चालूच राहील. यावर माझं मन अजून ठरत नाही.