घरजावई व्हेजिटा

गेल्या दिवाळीच्या आधी पंधराएक दिवस रोज रात्री जेवण झालं की आमच्या वाड्यावरच्या नरकासुराच्या (गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळतात तो पुतळा) मांडवात जायचो. काम काय, तर जुने पेपर फाडायचे, खळीत बुडवायचे आणि लोखंडी सांगाड्यावर चिकटवत बसायचं, आणि एक थर सुकल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही, त्यात फोंड्यातली ऑक्टोबरची दमट हवा, त्यामुळे कामापेक्षा गप्पाच जास्त. मामेभाऊ बारावीला आहे, दिवसभर फोनवर मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स वाचतो. एका रात्री नरकासुराची डावी मांडी सुकत असताना बोलला, दादा, ‘नारुटो’मधल्या सासुकेपेक्षा भारी लिहिलेला राइव्हल, म्हणजे हिरोचा प्रतिस्पर्धी, कुठेच नाही. मी म्हटलं, ड्रॅगन बॉलमधला व्हेजिटा. तर हसला. म्हणे तुम्ही जुने लोक कार्टून नेटवर्कच्या पुढे जातच नाय.

आता हे थोडं खरं आहे. पण तेव्हापासून डोक्यात बसलंय ते बसलंयच, म्हणून लिहून काढतो. (स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना हे मांगा अजून वाचायचे आहेत त्यांनी इथूनच मागे फिरा.)

मुळात राइव्हल चांगला लिहिलाय म्हणजे काय? ताकद किती, लूक किती भारी, ह्याच्यावर माझा विश्वास नाही. माझी टेस्ट एकच, तो हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो. हिरो हरला की ट्रेनिंगला जातो हे ठरलेलं असतं, पण राइव्हलचं तसं नसतं, त्याच्या हरण्याचं लेखकाला काहीतरी करावं लागतं, आणि बरेच जण काहीच करत नाहीत, त्याला सरळ हिरोच्या मागे टाळ्या वाजवायला उभा करतात.

व्हेजिटा बघा. अकिरा तोरियामाचं ड्रॅगन बॉल चाललं १९८४ ते १९९५, आणि हा बाबा त्यात आला १९८८ मध्ये, म्हणजे गोष्ट चार वर्षं पुढे गेल्यावर. पहिली फाइट तर धड कोणी जिंकलेलीच नाही. हिरो गोकूची हाडं मोडलेली, त्याच्या बाजूच्या याजिरोबेने मागून येऊन व्हेजिटाची शेपटी कापलेली, आणि शेवटी परग्रहावरच्या सायन लोकांचा हा राजकुमार जमिनीवर सरपटत आपल्या यानाकडे चाललाय. गोकूचा मित्र क्रिलिन तलवार घेऊन मारायला जातो तर गोकूच त्याला थांबवतो, का तर ह्याच्याशी परत एकदा लढायचंय. चूक आहे हे गोकूला कळतंय, तरी सोडतो. मला ही जागा फार आवडते, कारण इथे हिरोचाच स्वार्थ दिसतो, दया वगैरे नंतर.

आणि मग तो दुसरा दिवस. नामेक ग्रहावर फ्रीझा ह्या व्हिलनच्या हातून मरताना रडतो, परत जिवंत होतो, आणि राहायला कुठे येतो तर गोकूच्या मैत्रिणीच्या, बुल्माच्या घरी! म्हणजे चक्क घरजावई. सासऱ्याने बनवून दिलेल्या ग्रॅव्हिटी रूममध्ये दिवसभर घाम गाळायचा, बाहेर येऊन तोंड फुगवून बसायचं. आपल्याकडे असा एखादा जावई असता तर सगळ्या वाड्याने त्याची चेष्टा केली असती. तोरियामा मात्र हे भाषण देऊन समजावत बसत नाही, माणूस नुसता तिथे राहत जातो, पोर होतं, वर्षं जातात, आणि एक दिवस त्यालाच धक्का बसतो की अरे, मला हे घर आवडायला लागलंय. त्याचीच त्याला लाज वाटते. म्हणून तर बू ह्या राक्षसाच्या वेळी तो मुद्दाम बाबिडी जादूगाराच्या ताब्यात जातो, पूर्वीचा खुनशी व्हेजिटा परत व्हायला, आणि स्पर्धा बघायला आलेल्या साध्या लोकांना मारून टाकतो. ती गोकूबरोबरची फाइटसुद्धा पुरी होत नाही, हा त्याला मागून फटका मारून बेशुद्ध करतो आणि बूकडे एकटा जातो. पोराला आयुष्यात पहिल्यांदा मिठी मारतो, मग त्यालाही फटका मारून झोपवतो. गोकूच्या साथीदाराला, पिकोलोला विचारतो की मेल्यावर गोकू भेटेल का तिकडे? पिकोलो तोंडावर सांगतो, नाही, तू खूप निष्पाप लोक मारलेस. एवढं ऐकून मरायला जातो. पुढे जेव्हा तो मनातल्या मनात मान्य करतो की गोकूच एक नंबर, तेव्हा ते पचतं, कारण मधल्या सगळ्या वर्षांचा हिशेब आपण पाहिलेला असतो.

हे सगळं सांगितल्यावर मामेभावाचं म्हणणं, पण सासुकेला स्वतःची गोष्ट आहे, व्हेजिटाला गोकूशिवाय आहे काय? आणि इथे मी थोडा अडकलो, कारण मुद्दा बरोबर आहे. नारुटो नावाचा पोरगा त्या गावात जन्मलाच नसता तरी सासुकेचं खानदान त्याच्या भावाने, इताचीने, मारलंच असतं, आणि तो इताचीच्या मागे गेलाच असता. नारुटोबरोबरच्या दरीतल्या पहिल्या फाइटपर्यंत तर लेखक किशिमोतोने त्याला तोडीस तोड लिहिलाय, दोन पोरं, दोघांनाही घरी वाट बघणारं कोणी नाही, आणि एकाला ते एकटेपण दुसऱ्यात दिसतं म्हणून राग येतो.

घोटाळा नंतर होतो. इताची मरतो, मग कोणीतरी येऊन सासुकेला भावाची खरी गोष्ट सांगतं, हा गावावर उलटतो, मग मेलेल्या होकागेंकडून (गावाचे प्रमुख) अजून एक गोष्ट ऐकतो, तर गावाच्या बाजूने लढायला येतो, मग म्हणतो होकागे मीच होणार आणि पाचही गावांच्या प्रमुखांना, म्हणजे कागेंना, मारणार. म्हणजे जो शेवटचा भेटला त्याचं खरं. आणि त्यावर कळस म्हणजे हे दोघं प्राचीन काळच्या इंद्र आणि आशुरा ह्या भावांचे अवतार आहेत, म्हणून लढतात म्हणे. अरे! ह्याच मांगात चुनिन ह्या निंजांच्या परीक्षेत नेजी नावाचा पोरगा सांगत होता की माणूस जन्माला येतानाच नशीब घेऊन येतो, कपाळावरची खूण दाखवत होता, आणि नारुटोने जमिनीतून वर येऊन त्याच्या हनुवटीवर ठोसा देऊन ते खोटं पाडलं होतं. माझ्या मते त्या मांगातला सगळ्यात नीट लिहिलेला राइव्हल तो नेजीच, थोडक्यात आला आणि हरल्यावर खरंच बदलला. अवतार आणून किशिमोतोने नारुटोचा तो ठोसा फुकट घालवला. ७०० चॅप्टर लिहिताना माणूस दमत असेल, मान्य, शेवटच्या फाइटमध्ये दोघांचा एकेक हात जातो ते चित्र जबरदस्तच आहे, पण तरी.

‘माय हीरो अकॅडेमिया’मधल्या बाकुगोवर जास्त नाही लिहीत, मला तो पहिली बरीच वर्षं आवडलाच नाही. पहिल्याच चॅप्टरमध्ये हिरोला, मिदोरियाला, गच्चीवरून उडी मार म्हणणारा पोरगा. पण सगळ्यात मोठा सुपरहिरो ऑल माइट निवृत्त झाला तो आपल्यामुळे, हे डोक्यात घेऊन तो रात्री मिदोरियाला बाहेर बोलावून भांडतो, ती फाइट वाचा. राग कमी आणि रडू जास्त. आणि माफी मागायला लेखक होरिकोशीने त्याला ३२२व्या चॅप्टरपर्यंत थांबवलं. लवकर मागितली असती तर मी वाचणं सोडलं असतं.

मांडवात एक काका रंगाचे डबे उघडत होते, त्यांना ह्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण मध्येच म्हणाले, अरे तो नरकासूर बघा केवढा आणि कृष्ण बघा. कृष्ण कोपऱ्यात होता, एवढासा, कोणीतरी शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात रंगवणार होता. दरवर्षी हेच. महिनाभर राबायचं ते राक्षसाच्या दातांवर, आणि पहाटे जाळायचा तोच.

हां, ‘नारुटो’मधले गाय सर राहिले (नाव मराठीत वाचू नका). काकाशी नावाच्या दुसऱ्या सरांबरोबर ५० जिंकल्या, ४९ हरल्या असा हिशेब ठेवणारा माणूस, आणि त्यात दगड-कागद-कात्रीसुद्धा धरलेली. काकाशीला बहुतेक वेळा कंटाळाच आलेला असतो. ह्यांची मैत्री कधी तुटत नाही, कोणी गाव सोडून जात नाही, तरी राइव्हल आहेतच. ह्यावर मात्र आमच्या दोघांचं लगेच जमलं.

पुढचा थर लावायला उठणार, एवढ्यात वरच्या वाड्यावरचा नरकासूर चोरून बघायला गेलेला पोरगा धापा टाकत आला. फोनवर फोटो नाही, व्हिडिओ होता. आम्ही दोघांनी वाकून बघितला. त्यांच्या नरकासुराचा हात हलत होता. तलवारीसकट, वर-खाली.

मामेभाऊ बराच वेळ काही बोललाच नाही. मग खळीचे हात पँटला पुसले आणि स्कूटरची चावी मागितली, भंगारवाल्याकडे जुन्या गाडीच्या वायपरची मोटर मिळते का बघायला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.