पत्रिकेतली 'चालत पाच मिनिटं' आणि २१४ पायऱ्या

साहित्य संमेलनाच्या पत्रिकेत छापलं होतं, 'निवासव्यवस्था संमेलनस्थळापासून चालत पाच मिनिटांवर'. मी मुख्यतः ह्या पाच मिनिटांबद्दलच लिहिणारे, बाकीचं जमेल तसं.

संमेलन म्हणजे काही अखिल भारतीय वगैरे नाही. फेब्रुवारीतला शनिवार-रविवार, रत्नागिरीजवळ मालगुंडच्या बाजूची एक वाडी, समोर समुद्र, माडाच्या आगरात, म्हणजे बागेत, मंडप, चारपाचशे खुर्च्या. मंडळाचं नाव लिहीत नाही, माणसं स्वतःच्या खिशातनं खर्च करणारी आहेत आणि मला तिथं परत जायचंय. आम्ही डोंबिवलीचे चौघं होतो, दोघी कवयित्री, एक गझलवाला आणि एकाला नुसतं ऐकायचं होतं. मला कविता वाचायला तीन मिनिटं दिलेली. तीन मिनिटांसाठी तीनशेच्या वर किलोमीटर, पण हे मी हौसेनं करते त्यामुळे त्याची तक्रार नाही.

गाडीचं आधी सांगून टाकते कारण आमचा गझलवाला तिथंच गारद झाला. दादरहून तुतारी एक्सप्रेस सुटते रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. म्हणजे शुक्रवारी जेवून निघायचं असलं तरी तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. ह्यानं काढलं शुक्रवारचं, शुक्रवारी रात्री बॅग घेऊन रुबाबात प्लॅटफॉर्मवर आला तेव्हा ह्याची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. मग पहाटे कुठल्यातरी लक्झरीत मागच्या सीटवर बसून दुपारी दीडला पोचला, तोंड सुजलेलं. गंमत म्हणजे गाडीचं आधीचं नाव राज्यराणी, २०१७ मध्ये ते बदलून तुतारी केलं ते केशवसुतांच्या कवितेवरूनच, आणि केशवसुत मालगुंडचे. कवीच चुकावा अशी गाडी आहे ही. तारीख दोनदा बघा.

सकाळी साडेसातच्या सुमारास रत्नागिरीला उतरलो. स्टेशन गावात नाही, गावापासून सहा-सात किलोमीटर बाहेर कुवारबावच्या बाजूला आहे, आणि तिथून मालगुंड तीसेक किलोमीटर पडतं. बाहेर आलो की रिक्षावाले घेरतात. पहिला आकडा १२००. मी मान हलवली, आम्ही चार पावलं पुढं गेलो, ९०० झाले, बसलो. आरे-वारेच्या रस्त्यानं नेलं, तो रस्ता सुंदर आहे, फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात तर त्यावर वेळ घालवत नाही. गणपतीपुळ्याच्या कमानीपाशी रिक्षा थांबली. म्हणे ९०० इथपर्यंतचे, मालगुंडचे १५० वेगळे. अहो, पुळ्यापासून मालगुंड दोनएक किलोमीटर, त्याचे १५०? 'ताई, परत रिकामी जावी लागते.' ते खरंही आहे, रिकामीच जाते, पण मग स्टेशनवर मालगुंड हा शब्द मी तीन वेळा उच्चारला तेव्हा हा काय ऐकत होता? शेवटी १०० देऊन भांडण मिटवलं आणि सबंध सकाळ तेच डोक्यात फिरत राहिलं.

ह्याला सरळ उपाय एसटी. स्टेशनवरून गावात या, गणपतीपुळ्याची गाडी कुठल्या स्टँडवरून लागते ते चौकशी खिडकीवर विचारून घ्या आणि बसा. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट, म्हणजे संमेलनाला येणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रश्न तिथंच सुटतो. तास-दीड तास जास्त जातो, जाऊ दे, उद्घाटन वेळेवर होत नसतंच. रिक्षाच करायची असेल तर आधी वाडीचं नाव सांगून, 'सगळे मिळून एवढेच' असं दोनदा वदवून घ्या.

आता पाच मिनिटं.

ज्यांनी कोकणातला किनारा फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलाय त्यांच्यासाठी: इथं गाव दोन मजली असतं. खाली समुद्राच्या पातळीला आगरं, माडपोफळी, घरं, देऊळ. वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, कातळ, त्यावर काजूची खुरटी झाडं आणि सरकारला जागा मिळाली म्हणून बांधलेल्या इमारती. दोन्हीच्या मधे पाखाडी. जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे दगड रचलेली बुटकी भिंत, वर आंब्याफणसाची सावली. मंडप खाली. आमची निवासाची शाळा वर. खालनं शाळेचा पत्रा दिसतो सुद्धा, म्हणून पत्रिका छापणाऱ्याला वाटलं असेल हे काय जवळच आहे.

स्वयंसेवक पोरगा म्हणाला, 'ह्यो काय ताई, त्या वळनाच्या पलीकडं.' कोकणातल्या माणसाच्या अंतराच्या हिशोबावर विश्वास ठेवायचा नाही हे मला माझ्या सासरमुळे माहीत असायला हवं होतं. वळणाच्या पलीकडं आणखी वळण. मी पायऱ्या मोजल्या, २१४. त्यानंतर सड्यावर उघड्यावर अजून सात-आठ मिनिटं. सामान घेऊन मला एकवीस मिनिटं लागली, आणि मी दरवर्षी राजगड करते.

चढ जास्त आहे अशी माझी तक्रार नाहीये, चढ कोणीही चढेल. तक्रार पायऱ्यांची आहे. एकही पायरी दुसरीसारखी नाही, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, मधले चिरे पावसाळ्यात निसटलेत, तिथं नुसती लाल रेवा, आणि सगळ्यावर आंब्याचा वाळका पाला. पाल्याखाली पायरी आहे की खड्डा हे पाय टाकल्यावरच कळतं. चढताना ठीक आहे, उतरताना चप्पल सरकते. एका ज्येष्ठ समीक्षकांचा तिथंच घोटा मुरगळला आणि त्यांनी परिसंवादाचं अध्यक्षपद स्टुलावर पाय ठेवून भूषवलं. दुपारी बारा ते चार सड्यावर जाऊच नका, कातळ खालून भाजतो आणि सावली शून्य. हे अंतर दिवसातून चार वेळा पडतं, कारण आंघोळीची सोय वर आणि जेवण खाली.

बरं, रस्ता आहे का? आहे. गाडीरस्ता सड्याला मागच्या बाजूनं फिरून जातो. पाहुण्यांच्या गाड्या त्यानंच ये-जा करत होत्या, निम्म्या रिकाम्या, हे आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तुम्ही विचारा. नोंदणीच्या टेबलावर पहिला प्रश्न हाच, की वर गाडी किती वाजता जाते आणि तिच्यात जागा आहे का.

कार्यक्रमाचं थोडक्यात. ग्रंथदिंडी साडेआठची, निघाली दहाला. शाळेची मुलं लेझीम घेऊन दीड तास उन्हात उभी होती, ते बघवत नव्हतं. उद्घाटनात सतरा सत्कार, शाल-श्रीफळ, प्रत्येकी फोटो. मराठीला अभिजात दर्जा मिळाला ते ३ ऑक्टोबर २०२४ ला, तेव्हापासून प्रत्येक वक्ता त्याच वाक्यानं सुरुवात करतो, इथंही चौघांनी केली. माझं स्पष्ट मत, उद्घाटन सोडा, झोप काढा किंवा समुद्रावर जा. दुपारी तीनचं सत्र मात्र चुकवू नका. आमच्या वेळी विषय होता बोलीत लिहिण्याचा, समोर जेमतेम चाळीस माणसं, पंखे बंद, आणि एका शिक्षकानं संगमेश्वरी बोलीतली स्वतःची गोष्ट वाचली ती ऐकून मागं जेवणाची भांडी आवरणाऱ्या बायका काम थांबवून उभ्या राहिल्या. सगळ्या संमेलनात त्यांच्याएवढं नीट ऐकणारं कोणी नव्हतं.

पुस्तकांचे पाच-सहा स्टॉल. सूट चांगली देतात पण खाली आगरात नेटवर्क येत नाही, त्यामुळे यूपीआय फिरत राहतं, रोख न्या. आणि पहिल्या दिवशी पुस्तकं घेऊ नका!! मी घेतली, अकरा पुस्तकं, साधारण चार किलो, मग ती पिशवी कुठं गेली? पाखाडीनं वर, आणि रविवारी परत खाली. शेवटच्या दिवशी घ्या, स्टॉलवाला उरलेला माल परत न्यायच्या कंटाळ्यानं सूटही वाढवतो.

रात्रीचं कविसंमेलन नऊला होतं. त्याच्या आधी जाखडी ठेवली होती, म्हणजे कोकणातला नाचगाण्याचा प्रकार, त्यात शक्ती आणि तुरा ह्या दोन पक्षांचा सामना. ही चूक आयोजकांची म्हणावी की कवींचं नशीब, पण एकदा ढोलकी आणि चाळ सुरू झाले, दोन्हीकडचे शाहीर एकमेकांना सवाल टाकायला लागले की सभापतींनी तीन चिठ्ठ्या पाठवून काय होणार? सगळी वाडी लोटलेली, पोरं गडग्यावर बसलेली. जाखडी संपली पावणेअकराला आणि गाव उठून घरी गेलं. मग राहिले कोण, तर ४६ कवी आणि माइकवाला. कवींनी कवींना ऐकवलं. माझा नंबर आला एक वाजून वीस मिनिटांनी, तीन मिनिटांची दोन झाली होती, तरी मी वाचलं, आणि मागं समुद्र गाजत होता आणि कविता बरी गेली हो, माइकवाला 'वा' म्हणाला. त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं की पुढच्या वर्षी पायी ये तरी मी हो म्हटलं असतं.

ती धुंदी पंचविसाव्या पायरीपर्यंत टिकली. रात्री पावणेदोन, पाखाडीवर एक दिवा नाही, चार मोबाइलचे टॉर्च, त्यातल्या दोघांची बॅटरी लाल. त्यात कोणीतरी बिबट्याचा विषय काढला. रत्नागिरीकडं बिबटे आहेत, ह्यात कवीकल्पना काही नाही, त्यामुळे आम्ही मोठमोठ्यानं बोलत चढलो आणि गझलवाल्यानं त्याची न वाचता राहिलेली गझल पूर्ण म्हणून घेतली. वर पोचेपर्यंत गुडघे बोलायला लागले होते. तेव्हा हेडटॉर्च न्याच, मोबाइलवर राहू नका. आणि बूट. चपलेवर आलेल्या कवींची काय अवस्था झाली ते रविवारी मंडपात लंगडणाऱ्या माणसांवरून कळत होतं.

राहायचं म्हणाल तर शाळेत राहू नका. सरळ गणपतीपुळ्यात खोली घ्या, एमटीडीसी म्हणजे पर्यटन महामंडळाचं निवास आहे, घरगुती सोयी ढीगभर आहेत, फक्त संकष्टी जवळ आली असेल तर महिनाभर आधी बघून ठेवा. रोज येण्याजाण्याची रिक्षा धरली तरी गुडघ्यांपेक्षा स्वस्त. पुळ्याच्या समुद्रात मात्र पोहायच्या भानगडीत पडू नका, तिथं दरवर्षी माणसं बुडतात, पाणी शांत दिसतं आणि पायाखालची वाळू ओढून नेतं.

जेवण उत्तम. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी, रविवारी उकडीचे मोदक. कूपन हरवू नका, दुसरं देत नाहीत, रडलात तरी.

रविवार छान गेला, फार सांगण्यासारखं काही नाही. सकाळी केशवसुत स्मारकात जाऊन आलो. १८६६ मध्ये ते जिथं जन्मले ते घर सारवलेल्या जमिनीसकट जपलंय, बाजूला १९९४ साली उभं राहिलेलं स्मारक, पुस्तकं, कवींची दालनं. त्या घराची पडवी एवढीशी आहे, मास्तराचंच घर ते. १९०५ ला प्लेगनं हुबळीत गेले, चाळिशीही गाठली नाही. तास ठेवा, संमेलनवाले घाईत पंधरा मिनिटांत उरकतात. सत्रं ठीक होती.

परतीला निवळीच्या बाजूनं आलो, चाफे-जाकादेवीवरून. वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खाजगी गाडी, मिळतं पण भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या रस्त्याला जयगड बंदराच्या अवजड ट्रकांची वर्दळ असते, त्यामुळे संध्याकाळची गाडी पकडायची असेल तर समारोप अर्धवट टाकून निघा. आम्ही पसायदानाला थांबलो आणि शेवटचे दोन किलोमीटर रिक्षावाल्याला 'जरा दामटा' म्हणत आलो. त्यानं वाजवी पैसे घेतले, हेही लिहायला हवं.

एक राहिलंच. पाखाडीच्या तळाला, देवळाच्या मागच्या अंगाला एक नळ आहे, पाणी गोड आहे. बाटली तिथंच भरून घ्या, शाळेतली टाकी रात्री दहानंतर रिकामी असते.