ड्रमचा स्टँड 2 दिवसात, लाकूड चिरायला 18 दिवस – माझा अनुभव

घरामागं सांदवाडीत मायनं वांगी, भेदरं (टमाटर), पालक लावून ठेवलंय आणि टिनाच्या पन्हाळीखाली 200 लिटरचा निळा ड्रम जमिनीवरच होता. खाली तोटी बसवली होती पण तिच्याखाली बादली मावत नाही, मग मायला वरून वाकून तांब्या-तांब्यानं पाणी काढावं लागायचं, आणि तिचे गुडघे आधीच दुखतात. म्हणून यंदा मृगाच्या आत दोन फूट उंच लाकडी स्टँड करायचाच असं ठरवलं.

लाकूड घरचंच होतं. जुनं मातीचं घर पाडलं तेव्हाच्या सागवानी मयाली (लाकडी तुळया) गोठ्यात पडून होत्या, आजोबांच्या काळातल्या, रंधा मारला की आतून अजूनही तेलकट वास येतो. फक्त चिरून आणायच्या होत्या, तीन बाय तीनचे चार पाय आणि दीड इंची पट्ट्या.

इथंच अडलं सगळं. तालुक्याच्या आरा मशीनवर पहिल्यांदा मालवाहू ऑटोत मयाली टाकून नेल्या, 400 रुपये भाडं. सकाळी 9 पासून दुपारी 2 पर्यंत बसलो, माझ्यामागून आलेल्यांची लाकडं चिरून गेली, आणि माझा नंबर आल्यावर तिथला माणूस म्हणे जुनं लाकूड आहे, खिळे काढून आणा, मशीनचा पट्टा (करवतीचं पातं) खराब होते. त्याचं बरोबर आहे, खिळा लागला की पट्ट्याचे दात जातात, तुकडा उडून माणसाला लागू शकतो. पण हे 9 वाजता सांगता येत नव्हतं का? ऑटो परत बोलावला, परत 400.

दोन रात्री बसून खिळे काढले. वरचे दिसतात, पण कित्येक खिळ्यांची डोकी गंजून गळून गेलेली असतात आणि दांडा आत तसाच, वर फक्त एक काळा ठिपका. लोखंड गंजलं की भोवतालचं लाकूड काळं पडतं, तो ठिपका दिसला की समजायचं. शेजारच्या पोरानं जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक दिलं, ते दोरीला बांधून मयालीवरून हळूहळू फिरवलं की खिळ्यापाशी बरोबर ओढ लागते. 29 खिळे निघाले, मोजून डब्यात ठेवलेत.

दुसऱ्यांदा गेलो तर लाईन (वीज) नाही. फोन करून निघालो होतो, 'या' म्हणाले होते. तिसऱ्यांदा लाईन होती, खिळे नव्हते, तर आता म्हणे सागवान आहे, कुठलं आहे त्याचा कागद पाहिजे, रजिस्टरला लिहावं लागते. मी म्हटलं, "भाऊ, पहिल्या दिवशी तुमच्यासमोर पाच तास बसलो होतो, तेव्हा काहून नाही सांगितलं?" तर "तुम्ही विचारलं नाही," एवढंच उत्तर. ग्रामपंचायतीतून जुनं घर पाडल्याचा दाखला आणला, घरटॅक्सची पावती जोडली आणि चौथ्या चकरेत 20 मिनिटात लाकूड चिरून हातात. 20 मिनिटं! कागद मागण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सागाचं जंगल आहे, चोरीचं लाकूडही येत असेल, विचारलंच पाहिजे. पण जे काय लागते ते एका दमात सांगा ना बाप्पा, माणूस रोजी पाडून येते. तेव्हा तुम्ही जाल तर पहिल्यांदा लाकूड नेऊच नका, रिकाम्या हातानं जा आणि खिळे, कागद, लाईनची वेळ हे सगळं विचारून या.

चिरताना एक सांगायचं राहिलं, कडेचं पांढरं लाकूड काढून टाकायला लावा. सागाच्या गाभ्याला उधई (वाळवी) सहसा लागत नाही, पांढऱ्याला लागते.

स्टँड मग पटकन झाला. भरलेला ड्रम म्हणजे दोन क्विंटलच्या वर वजन, त्यामुळं गावातल्या सुतार काकाजींनी सांगितलं ते महत्त्वाचं, आडवं लाकूड पायाला बाजूनं खिळ्यानं ठोकू नका, सगळं वजन खिळ्यावर येते. पायाच्या डोक्याला खाच पाडून आडवं लाकूड त्यावर बसवलं आणि मग नटबोल्ट लावले. वरच्या पट्ट्यांमध्ये अर्धा इंच फट ठेवली, पाणी साचत नाही. चारही बाजूंनी तिरप्या पट्ट्या मारल्या, त्याच्याशिवाय स्टँड हलत होता.

आमची जमीन काळी, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, नुसत्या मातीवर ठेवला असता तर पहिल्या झडीतच एक पाय खचला असता. म्हणून प्रत्येक पायाखाली दीड फूट खोदून मुरूम भरला, पाणी मारून धुमसानं ठोकला, वर फरशी.

टिन 10 बाय 20 फुटाचं आहे, तेवढ्यावर 12-13 मिलिमीटर पाऊस पडला की 200 लिटर भरतात, हे काकाजींच्या पोरानं हिशोब करून दाखवलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झोडपून पाऊस आला आणि अर्ध्या तासात ड्रम वरून वाहायला लागला, तेही पाणी थेट मुरमावर, म्हणून दुसऱ्या दिवशी वरच्या कडेला भोक पाडून पाईप लावला आणि तो भेदरांच्या वाफ्यात सोडला. माय आता तोटीखाली बादली ठेवते, उभ्यानं पाणी भरते.

आणि ड्रमच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, डेंग्यूचा मच्छर असल्या साठवलेल्या साफ पाण्यातच अंडी घालतो. आम्ही मायच्या जुन्या नायलॉनच्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून बांधलाय, पानंही अडतात त्याच्यात.