पोपटाला मान खाजवून हवी असते, मिठी नाही

ज्यांच्या घरी कॉकटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) आहे त्यांना ही पोज माहितीच असेल, मान खाली घालायची, डोक्यावरची पिसं फुलवायची, डोळे अर्धे मिटायचे आणि तसंच थांबून राहायचं. म्हणजे साहेबांना मान खाजवून हवीये आणि तुम्ही अजून सुरुवात का नाही केली असा प्रश्न पडलाय. आमचा बंड्या तर बोट आणायला उशीर झाला की डोकं माझ्या हाताखाली घुसवतो. यात लाड आहेतच पण गरज पण आहे. पोपटाची चोच अंगभर पोचते, फक्त स्वतःच्या डोक्याला आणि मानेला पोचत नाही. पायाने खाजवता येतं पण पिसं नीट साफ करायला दुसऱ्याचीच चोच लागते, थव्यात ते काम जोडीदार किंवा सोबती करतो, घरी आपण.

पिसं गळून नवीन यायला लागली की ही मागणी डबल होते. नवीन पीस एका पातळ पांढऱ्या आवरणात गुंडाळलेलं येतं, बुटाच्या लेसच्या टोकाला असतं तसं. तयार झालेलं आवरण दोन बोटांत हलकं चोळलं की भुगा होऊन पडतं आणि आतलं पीस उलगडतं, तेव्हा बंड्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण वाढत असलेल्या पिसात रक्त असतं, ते मुळाशी काळपट दिसतं, त्यावर दाब पडला की दुखतं, मग तो ओरडतो आणि चावतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. अजून एक म्हणजे मांजरासारखा वरून खाली हात फिरवला तर बऱ्याच पोपटांना काही मजा येत नाही, पिसांच्या उलट दिशेने, बोटाच्या टोकाने, एकदम हलकं, ते आवडतं.

आता मानेच्या खाली. इथे मी जरा कडक आहे, लोकांना आवडत नाही तरी बोलते. पोपटाच्या डोक्यात माणसासारखं "नुसतं प्रेमाने थोपटणं" असा प्रकार नाही. डोकं-मान म्हणजे सोबत्याने पिसं साफ करणं, आणि पाठ, पंखाखाली, पोट, शेपटीजवळ रोज हात फिरला तर तो त्याचा अर्थ जोडीदार असा घेऊ शकतो. मग तो खाली दबून बसतो, पंख सैल सोडतो, शेपटी उचलतो, धापा टाकतो, खाल्लेलं बाहेर काढून तुमच्या बोटावर ठेवतो. काकाटूच्या (तुरेवाला मोठा पोपट) पंखाखाली हात घालून चोळणारे रील बघते आणि खाली सगळे "सो क्यूट", अरे तो क्यूट नाही, तो हॉर्मोनने पेटलाय. मादी असेल तर नर नसताना पण अंडी घालायला लागते, एकामागून एक घातली की अंगातलं कॅल्शियम संपत जातं, आणि अंडं आत अडकलं तर थेट जिवावर बेततं. नर असेल तर तुमच्यावर हक्क सांगायला लागतो, घरातलं दुसरं कोणी जवळ आलं की चावा. काही पक्षी या सगळ्या चिडचिडीत स्वतःची पिसं उपटायला लागतात. बोटावर अन्न काढून ठेवलं तर रागवायचं नाही, शांतपणे स्टँडवर ठेवायचं आणि दुसऱ्या कशात तरी गुंतवायचं. अंडी थांबतच नसतील तर मात्र पक्ष्यांचा डॉक्टर गाठायचा.

आणि घट्ट मिठी तर नकोच. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतो, छातीचं हाड आतबाहेर हलतं तेव्हा हवा आतबाहेर होते, छाती आवळली की श्वासच बंद. लहान मुलांच्या हातात पक्षी देताना हे आधी सांगायचं.

नको असेल तर पोपट सांगतो, आपण बघत नाही एवढंच. पिसं अंगाला चिकटून पक्षी एकदम बारीक दिसायला लागला, कॉकटीलचा तुरा मागे सपाट झाला, शेपटी पंख्यासारखी पसरली, किंवा मोठ्या पोपटांमध्ये बुबुळं भराभर लहानमोठी व्हायला लागली की बोट मागे. (बुबुळांचं मात्र खुशीतही होतं, त्यामुळे बाकीचं अंग पण बघायचं.) माझी सोपी टेस्ट अशी, थोडं खाजवायचं आणि थांबायचं, पुढे सरकून डोकं दिलं तर चालू, नाही दिलं तर संपलं. पोपटांच्या बुद्धीवर संशोधन करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांचा आफ्रिकन ग्रे जातीचा बोलणारा पोपट अ‍ॅलेक्स, तो २००७ मध्ये गेला, त्याला नको असलं की चक्क "नो" म्हणायचा. बाकीच्यांकडे शब्द नाहीत, चोच आहे.

सगळ्याच पोपटांना हात आवडतो असं पण नाही. काकाटू अंगाला चिकटणारे, बजींना (छोटे बजरीगर पोपट) बऱ्याचदा हातच नको असतो, आणि त्यात प्रेम कमी असं काही नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी पाच निळ्या-पिवळ्या मकाऊंचं (लांब शेपटीचे मोठे पोपट) निरीक्षण केलं, सांभाळणारा माणूस त्यांच्याकडे बघून बोलत होता तेव्हा त्यांच्या डोक्यावरची पिसं जास्त फुलायची आणि गालाची उघडी त्वचा लाल व्हायची, फक्त बघून आणि बोलून! आमची बजी चिंगी तशीच आहे. बोट दिसलं की दोन पावलं मागे, पण खांद्यावर बसून कानाशी बडबड चालू, मध्येच माझ्या भुवया साफ करणार, संध्याकाळी झोप यायला लागली की चोच घासत कर्र कर्र आवाज काढणार, म्हणजे बाईसाहेब खुश. सध्या चष्म्याची दांडी पण तिला अस्वच्छ वाटायला लागलीये, दुसरा चष्मा करायला टाकलाय.