श्वास घ्यायला टाइम कुठे भेटते जी!

मे महिना, माझ्या योगवर्गाची पहाटे साडेपाचची बॅच. नागपुरात या दिवसांत सातनंतर घाम गाळण्याला व्यायाम म्हणत नाहीत. बारा जण विन्यास पद्धतीचे सूर्यनमस्कार घालत होते: नऊ हालचाली, एक श्वास घेत, पुढची सोडत. चौथ्या आवर्तनात उभं राहताना मागच्या रांगेतल्या काकांनी भिंत धरली. डोळ्यांपुढे अंधारी.

पाठीवर निजवून पाय खुर्चीवर ठेवले. रंग परतल्यावर विचारलं, "काका, चतुरंगात (हातांवर तोलून अंग जमिनीलगत आणतो तेव्हा) श्वास कुठे होता?"

"श्वास घ्यायला टाइम कुठे भेटते जी! तुम्ही आकडे म्हणता, मी धावतो."

म्हणजे घोटाळा माझ्या मोजणीत होता. आकडे माझ्या श्वासाच्या लांबीने पडत होते, त्यांचा श्वास आखूड. मग ते दम कोंडून जोर लावत. त्याने छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. शिवाय उत्तानासनातून, म्हणजे पुढे वाकलेल्या स्थितीतून, झटक्यात उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं. त्यात बीपीची गोळी, आणि उठल्यापासून घोटभरही पाणी नाही. म्हैसूरच्या अष्टांग विन्यास योगाच्या परंपरेत मोजणीचे वर्ग असतात, पण रोजचा सराव जो तो आपल्या श्वासावर करतो, तो यासाठीच.

उरलेला तास माझे आकडे बंद, जो तो आपलं मोजेल. आधी नुसतं बसून उज्जायी: चष्म्याची काच पुसताना 'हाऽ' करतो तोच श्वास, फक्त तोंड मिटून. आवाज स्वतःला ऐकू यावा एवढाच. जास्त घासला की घसा सुकतो. चार मोजून आत, चार मोजून बाहेर. जमलं की बाहेरचा सहापर्यंत. उच्छ्वास लांबला की नाडी संथ होते. मग हात. श्वास आधी सुरू होतो, हात मागून निघतात, आणि हात डोक्यावर पोचले तरी थोडा श्वास उरला पाहिजे. उरत नसेल तर हालचाल लहान करायची, श्वास ओढायचा नाही.

चतुरंगात गुडघे टेकवले. कोपरं बरगड्यांजवळ, खांदे कोपरांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. तिथेच खांदे दुखावतात. अधोमुख श्वानासनात (हातपाय जमिनीवर, कंबर वर) पाच श्वास. टाचा टेकल्या नाहीत तरी चालतं, पाठ लांब हवी, त्यासाठी गुडघे खुशाल वाकवा. उठताना तळवे नडग्यांवर, पाठ सपाट, तिथे एक पूर्ण श्वास, मगच वर. (रात्री सावजी झालं असेल तर पुढे वाकणं टाळलेलंच बरं.)

गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. तोवर काकांची तीनच आवर्तनं, आणि गुडघे खालीच.